आधी बसायचं, मग पाय

आमच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं आहे, ही आमच्या सौ.ची जुनी तक्रार. २०१६ साली मी तिथे खरोखरच एक गाडी बांधायला घेतली, तेव्हा तक्रार बदलली : "गाडी आहे म्हणता, पण ती दिसत कुठे नाही!" तिचंही बरोबर होतं. पहिली दोन वर्षं तिथे प्लायवूडचा एक सांगाडाच उभा होता. चाकं नाहीत, मोटर नाही. एक सीट आणि एक दार, बस्स.

मंडळी, डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाचं पोट या ना त्या वाटेने मोटारीवरच भरतं. मीही पंचवीस वर्षं मोटारींच्या सीट्स आखण्यात घालवली. पण लोकांसाठी सीट आखणं वेगळं आणि स्वतःच्या आईसाठी आखणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

आई २०१७च्या उन्हाळ्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, उंची जेमतेम पाच फूट. माझ्या सेडानमध्ये बसणं म्हणजे तिला विहिरीत उतरल्यासारखं वाटे आणि सौ.च्या एसयूव्हीत बसणं म्हणजे माळ्यावर चढल्यासारखं. पहिल्या महिन्यात दोनदा आमच्याबरोबर देवळात आली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मी घरीच बरी." त्यात कुरकुर नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. सात समुद्र ओलांडून आलेली माझी आई एका दारापाशी अडली होती, आणि ती दारं-सीट्स करणाऱ्यांतलाच मी एक होतो.

आमच्या धंद्यात 'एच-पॉइंट' नावाचा एक बिंदू असतो. बसलेल्या माणसाच्या खुब्याचा सांधा जिथे येतो, तो हा बिंदू. आतली सगळी मांडणी त्याच्याभोवती फिरते. तो फार खाली असला की उठताना सगळा भार मांड्या-गुडघ्यांवर येतो, फार वर गेला की पाय जमिनीला टेकत नाहीत. मी टेप घेऊन आईच्या मागे लागलो. सोफा पंधरा इंच : उठताना "आई गं!" स्वयंपाकघरातली खुर्ची अठरा इंच : फारसा त्रास नाही. पलंग, गादी दबल्यावर, एकोणीस इंच : सगळ्यांत सोपा. ठरलं! गाडीची सीट पलंगाच्या उंचीची.

दाराच्या बाबतीत मात्र मला हौस नडली. १९५४च्या मर्सिडीज ३००एसएलसारखं, पंखासारखं वर उघडणारं दार मी कागदावर काढलं. त्या गाडीच्या सांगाड्याच्या नळ्या बाजूंना इतक्या उंच होत्या की दार वरून टांगावं लागलं. माझ्या गाडीला तसं काहीच कारण नव्हतं. सौ.ने एकच प्रश्न विचारला, "ते ओढून घ्यायला आईंचा हात पोचणार का?" कागद टोपलीत गेला.

मग आईला आठवली आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची डुक्कर फियाट. त्या जुन्या फियाटची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागऱ्यांवर उघडत. "त्यात बरं होतं. पाठ करायची, लुगडं सावरून टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे." मी थक्क झालो. मी धरून चाललो होतो की माणूस आधी एक पाय आत टाकतो. आई मात्र आधी बसायची, मग पाय! म्हणजे तिला हवा होता खालचा उंबरा बुटका आणि सीटच्या पुढे पाय वळवायला मोकळी जागा.

उलटं दार मात्र मी घेतलं नाही. चालत्या गाडीत कडी सुटली तर वारा ते दार सपकन उघडतो. बिजागऱ्या पुढेच ठेवल्या, पण दार जवळजवळ काटकोनात उघडेल असं केलं आणि पुढचा खांब चार इंच पुढे सरकवला.

एका संध्याकाळी आईला सांगाड्यात बसवलं. झकास बसली. उठताना तिने आधाराला दार धरलं आणि दार सरकलं. ती धपकन मागे सीटवर बसली म्हणून निभावलं. पुढे पडली असती तर खाली काँक्रीटची फरशी होती. माझे हातपाय गार पडले. ती मात्र शांतपणे म्हणाली, "दार हलतं रे, खांब हलत नाही. मूठ खांबाला लाव." इतकी वर्षं मी माणसं कशी बसतात ते पाहिलं, उठताना हात कुठे जातो ते कधी पाहिलंच नव्हतं.

सीट, पट्टे आणि दाराची कडी मात्र घरी केली नाहीत, भंगारातल्या चांगल्या गाडीतून आणली. कडीला दोन टप्पे असतात, दार अर्धवट लागलं तरी सुटत नाही. असल्या ठिकाणी हौस करू नये.

परत जाण्याआधी आईला डिअरबॉर्नच्या म्युझियममध्ये फोर्डची १८९६ची पहिली गाडी दाखवली. शेडचं दार अरुंद पडलं म्हणून त्याने विटा फोडून ती बाहेर काढली, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "तू आधी आपल्या गराजचं दार मोजलंस ना?"

ऑक्टोबरात ती परत गेली. नंतर करोना आला आणि आता तिला एवढा प्रवास झेपत नाही. बॅटरीवरची ती दोन सीटची गाडी २०२२ साली रस्त्यावर आली. तिच्यात आई कधीच बसली नाही.

२०२३ साली माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी सौ.ने मला फिरवून आणायला गाडी काढली. सेडान नको म्हटलं. आईच्या मापाच्या सीटवर पाठ करून टेकलो, खांबाची मूठ धरली, हळूच पाय आत घेतले. कुठेही "आई गं" म्हणावं लागलं नाही. म्हटलं मात्र, वेगळ्या कारणाने.

त्या रात्री व्हिडिओवर आईला दाखवलं. ती हसली. "माझ्यासाठी केलीस आणि तुलाच लागली. चांगलं झालं."

पुढच्या गणेशोत्सवाला ही गाडी घेऊन येणार आहे. मंडळातल्या ज्या आजी-आजोबांना गाडीत बसायचा कंटाळा येतो, त्यांनी जरूर बसून पाहावं. फक्त लक्षात ठेवा, आधी बसायचं, मग पाय!