डॉक्टर बदलताना



बाळंतिणीच्या डिंक-अळिवाबद्दल आपण भरपूर बोलतो. तिच्या डोक्यात काय चाललंय, ते मात्र कोणी फारसं विचारत नाही. म्हणून आज माझं लिहिते.

माझं दुसरं बाळंतपण सांगलीला माहेरी झालं. बाळ छान, दूधही भरपूर. पण तिसऱ्या आठवड्यापासून माझी झोपच उडाली. बाळ शांत झोपलेलं असायचं आणि मी त्याच्या नाकापुढे बोट धरून बसलेली. न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या हातून ते निसटतंय असं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि छातीत धडधडायला लागायचं. णमोकार म्हणत पडले की तेवढ्यापुरतं थांबायचं, मग पुन्हा सुरू. आज्जी दृष्ट काढायची. आई म्हणायची, "अगं, पहिलटकरणीसारखं काय करतेस?" मी रडत नव्हते, उदासही नव्हते. त्यामुळे हे काही दुखणं असेल असं घरात कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

सव्वा महिन्यानंतरच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. एडिंबरा मोजपट्टी म्हणतात त्याला, १९८७ सालची आहे. नाव नैराश्याचं असलं तरी त्यात उगाच काळजी वाटणं, विनाकारण घाबरं होणं हेही विचारलेलं असतं. तिथेच माझी उत्तरं बोलली. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलं तरी अशी धडधड होते, म्हणून आधी रक्त तपासलं. ते ठीक निघालं. मग त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे सर्ट्रालिनची गोळी सुरू झाली. हे औषध दुधात फार थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा हेच देतात, असं त्यांनी समजावलं. मी दोनच गोष्टी विचारल्या. रात्री आम्ही काही घेत नाही, तर सकाळी घेतली तर चालेल का? चालेल म्हणाले. आणि लोहाची कॅप्सूल जिलेटिनची आहे, ती बदलून मिळेल का? त्याची साधी गोळी लिहून दिली. हसले नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं.

चौथ्या आठवड्यात मी सलग चार तास झोपले.

आणि मग पुण्याला परत जायची तारीख ठरली. घरात बांधाबांध सुरू झाली, तशी माझी काळजी नवं रूप घेऊन आली. इथल्या डॉक्टरांना सगळं माहीत आहे. तिथे कोण असेल? पुन्हा पहिल्यापासून सांगायचं? बाळ निसटण्याचं ते चित्र परक्या माणसापुढे बोलायचं? ऐकून त्यांना वाटलं की मीच बाळाला काही करीन, तर? रात्री पुन्हा डोळा लागेना. आमचे हे म्हणाले, "डॉक्टर काय, पुण्यात गल्लोगल्ली आहेत." खरंच आहेत. पण भाजीवाला बदलणं आणि हे एक नाही.

भीती अगदीच खोटी नव्हती. पुण्यात पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी फाईल उघडली नाही. "दूध पाजताय ना? मग बंद करा ही गोळी," एवढं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. गोळी अशी एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, झोपेचा बिघाड होऊ शकतो, हे सांगलीत बजावून सांगितलं होतं. मी गोळी सोडली नाही. घरी येऊन सांगलीला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी एक चिठ्ठी पाठवली: निदान काय, कोणतं औषध, किती मात्रा, कधीपासून, काय फरक पडला. निघतानाच अशी चिठ्ठी मागून घ्या, हे मी आता माहेराहून परतणाऱ्या प्रत्येकीला सांगते. नवे डॉक्टर मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्याही प्रिस्क्रिप्शनवर आधीच घेऊन ठेवा.

दुसऱ्यांदा गेले ती चिठ्ठी घेऊनच, जाऊबाईंच्या ओळखीतल्या एका बाईंकडे. बोलताना जीभ अडखळते म्हणून माझी लक्षणं घरीच एका कागदावर लिहिली होती. ते नकोसं चित्रसुद्धा त्यातच लिहिलं. बाईंनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "असे विचार पुष्कळ आयांना येतात. तुम्हाला त्यांची भीती वाटते म्हणून तर तुम्ही इथे आलात." औषध तेच ठेवलं. सासूबाई बाहेर बसल्या होत्या, त्यांनाही आत बोलावून समजावलं. त्या दिवसापासून पहाटेचं बाळ सासूबाई घेतात आणि मला दोन तास जास्त झोप मिळते. गोळीइतकाच त्याचाही गुण आला, असं मला वाटतं.

डॉक्टर बदलण्याच्या मधल्या दिवसांत कोणी हाताशी नसेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पण स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर चिठ्ठी-बिठ्ठीची वाट न बघता घरच्यांना उठवा आणि थेट दवाखाना गाठा.

माझी पुढची तारीख दशलक्षणाच्या आधीची घेतली आहे. अंगावर पाजताना एकाशन झेपेल का आणि त्या दिवशी गोळी कधी घ्यायची, हे दोन प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत.