मकेलेलेचं काम

आपल्याकडे टीम म्हटलं की आधी हीरो आठवतो. सचिन आउट झाला की घराघरातले टीव्ही बंद व्हायचे, हे आमच्या आधीची पिढी अजून कौतुकाने सांगते. त्यामुळे इथून युरोपातला फुटबॉल बघायला लागलेला माणूस आधी खेळाडूचा फॅन होतो आणि मग, जमलंच तर, क्लबचा. २०२१ मध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी रातोरात क्लब बदलला होता. त्यात काही वाईट नाही म्हणा, गोल मारणारा डोळ्यात भरतोच. पण गेली काही वर्षं शनिवार-रविवार रात्री जागून मॅचेस बघितल्यावर मला वेगळाच प्रश्न छळायला लागलाय. हीरो पुढे हीरोगिरी करत असतो तेव्हा मागे उरलेलं काम कोण करतं? आणि त्याच्या क्लबला ते काम दिसतं का?

माझ्या मते क्लब जिंकणार की नाही, हे बरंचसं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. आणि हे समजून घ्यायला रिअल माद्रिदइतकं चांगलं उदाहरण नाही.

२००० साली फ्लोरेंटिनो पेरेझ रिअलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी दर उन्हाळ्यात एक मोठा तारा आणायचा सपाटाच लावला. २००० ला फिगो (तोही थेट बार्सिलोनाकडून!), २००१ ला झिदान, २००२ ला ब्राझीलचा रोनाल्डो, २००३ ला बेकहॅम. राउल आणि रोबेर्तो कार्लोस आधीपासून होतेच. या टीमला लोक 'गॅलाक्टिकोस' म्हणायचे, म्हणजे आकाशगंगेतले तारे. सुरुवातीला सगळं भन्नाट चाललं. २००१ ला लीग, २००२ ला चॅम्पियन्स लीग, २००३ ला पुन्हा लीग.

आता जरा विचार करा. झिदान पुढे, फिगो पुढे, राउल पुढे, रोनाल्डो तर पुढेच. रोबेर्तो कार्लोस कागदावर लेफ्ट बॅक, पण तोही संधी मिळाली की पुढे. मग बॉल गेला की मागे कोण? तर क्लोद मकेलेले नावाचा एक फ्रेंच मिडफिल्डर. बचावफळीच्या पुढचा तो मोकळा पट्टा सांभाळायचा, समोरच्याच्या पायातून बॉल काढायचा आणि चार पावलांवरच्या झिदानला देऊन टाकायचा, एवढंच त्याचं काम. गोल जवळपास नाहीतच. हायलाइट्समध्ये तो दिसला तर चुकून.

२००३ च्या उन्हाळ्यात या माणसाने पगारवाढ मागितली. ताऱ्यांच्या मानाने त्याचा पगार अगदीच कमी होता. क्लबने नकार दिला आणि तो चेल्सीला निघून गेला. त्यावर पेरेझसाहेबांनी जाहीरपणे जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा की त्याचं तंत्र साधारण आहे, पास जवळचे असतात, आम्हाला काही त्याची उणीव भासणार नाही. त्याच उन्हाळ्यात लीग जिंकून देणारे कोच देल बॉस्के यांचा करार वाढवला नाही, कॅप्टन हिएरोलाही निरोप दिला.

पुढे काय झालं ते आकड्यांतच बघा. २००२-०३ मध्ये रिअलने लीगमध्ये ४२ गोल खाल्ले होते, २००३-०४ मध्ये ५४. सीझनच्या शेवटच्या पाचही लीग मॅचेस हरून टीम चौथ्या नंबरवर आली. चॅम्पियन्स लीगमध्ये तर नियतीने चेष्टाच केली. रिअलने आपला फेर्नान्दो मोरिएन्तेस मोनाकोला उसना दिला होता. त्याने क्वार्टर फायनलच्या दोन्ही मॅचेसमध्ये रिअलविरुद्धच गोल मारले आणि मोनाकोने रिअलला बाहेर काढलं! तोच मोनाको फायनलमध्ये पोर्तोकडून ३-० ने हरला. मोरिन्योच्या त्या पोर्तोमध्ये डेको सोडला तर बाहेरच्या लोकांना माहीत असलेलं नाव क्वचितच. देर्लेई आणि नुनो वालेंते तर मोरिन्यो आधी ज्या छोट्या लेरिया क्लबचा कोच होता तिथून आले होते.

सगळं खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडणंही बरोबर नाही. कोच बदलला, हिएरो गेला, बचावात नवीन माणसं आणली नाहीत. पण ही सगळी एकाच जातीची कामं आहेत हे लक्षात घ्या. पोस्टरवर न दिसणारी. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये मकेलेलेला मध्ये ठेवून ३८ मॅचेसमध्ये फक्त १५ गोल खाल्ले आणि लीग जिंकली. इंग्लंडमध्ये तर त्या जागेलाच 'मकेलेले रोल' म्हणायला लागले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फारच ओळखीची आहे. मी ज्या टीममध्ये आहे तिथे एक सीनियर होता. नाव नको. महिनाअखेरचे बॅच जॉब्स त्याच्याकडे, बाकीच्यांचा कोड रिव्ह्यू त्याच्याकडे, नवीन पोरांच्या शंका त्याच्याकडे. क्लायंटला डेमो मात्र दुसरेच द्यायचे. अप्रेझलचा फॉर्म विचारतो, 'या वर्षी तुम्ही काय डिलिव्हर केलं?' आता रात्री तीन वाजता सर्व्हर पडला नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? बेल कर्व्ह बसवायचा असतो, कोणीतरी मधल्या खणात जायलाच हवं. दोन वर्षं तो मधल्या खणात गेला. पीअर फीडबॅकमध्ये मी त्याच्याबद्दल पानभर लिहिलं होतं, पण त्या रकान्याला वजन नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्याने पेपर टाकले. त्याच्या जागी दोन माणसं घेतली आणि तरीही पुढचे तीन महिने आम्ही आळीपाळीने रात्री जागत होतो.

हे आत्ताच का आठवलं, तर या वेळी पहिल्यांदाच चार जणांचं रेटिंग मला द्यायचं आहे. फॉर्म तोच आहे, कर्व्हही तोच आहे. आणि चौघांमधली एक मुलगी अशी आहे की तिचं काम कुठल्याही डेमोत दिसत नाही. तेव्हा हा विषय माझ्यासाठी निव्वळ फुटबॉलचा राहिलेला नाही. असो.

तर मुद्दा असा की हे काम आधी दिसायला हवं. आणि दिसलं की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे लेस्टर सिटी. २०१५-१६ चा सीझन सुरू होताना बुकींनी लेस्टर लीग जिंकण्यावर ५००० ला १ असा भाव दिला होता. लेस्टर ८१ पॉइंट्स मिळवून जिंकले, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा १० जास्त! याला लोक चमत्कार म्हणतात. मला त्यात खरेदीतली हुशारी जास्त दिसते. व्हार्डीला २०१२ मध्ये फ्लीटवूड टाउनकडून सुमारे १० लाख पाउंडांत घेतलं होतं, महरेझला २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून ५ लाखांपेक्षाही कमी किमतीत. आणि २०१५ मध्ये काँ या फ्रेंच क्लबकडून ५६ लाख पाउंडांच्या आसपास एन्गोलो कांते आला. लहानसर चणीचा, लाजाळू माणूस. खेळाडू शोधण्याचं काम बघणाऱ्या स्टीव्ह वॉल्शने त्याच्या नावाचा धोशाच लावला होता. त्या सीझनमध्ये लीगमधले सगळ्यात जास्त टॅकल्स कांतेचे होते. गंमत म्हणजे लेस्टरचे कोच होते क्लाउदिओ रानिएरी, आणि २००३ मध्ये मकेलेले चेल्सीत आला तेव्हा चेल्सीचे कोचही हेच होते.

पण २०१६ मध्ये कांते चेल्सीला गेला. २०१७ मध्ये चेल्सी लीग जिंकले. लेस्टर बारावे आले आणि रानिएरींना तर सीझनच्या मध्येच, फेब्रुवारीत, काढून टाकलं. म्हणजे न दिसणारं काम करणारा माणूस शोधला तरी गोष्ट अर्धीच झाली. तो गेला तर काय, याचं उत्तर तयार हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनवर सगळं चालत असेल तर ते मशीन छान आहे, यात समाधान मानून चालत नाही.

हे उत्तर मला ब्रेंटफर्डमध्ये दिसतं. पश्चिम लंडनमधला छोटासा क्लब. मालक मॅथ्यू बेनहॅम, ऑक्सफर्डला फिजिक्स शिकलेला आणि आकडेमोड करून बेटिंगच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस. २०१६ मध्ये त्यांनी आपली युवा अकादमी चक्क बंद केली, कारण घडवलेली पोरं मोठे क्लब जवळपास फुकटात उचलून न्यायचे. त्याऐवजी इतर क्लबांनी सोडून दिलेल्या तरुणांची 'बी टीम' काढली. (पुढे अकादमी पुन्हा सुरू केली, ती गोष्ट वेगळी.) ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये एक्झेटरकडून घेतलं, २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाला भरपूर पैशांना विकलं. लोक म्हणाले, संपलं यांचं. त्याच उन्हाळ्यात पीटरबरोकडून आयव्हन टोनी आला, त्याने लीगमध्ये ३१ गोल मारले आणि २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड तब्बल ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च डिव्हिजनमध्ये पोचलं. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे वेगळा कोच असायचा. २०२५ मध्ये मुख्य कोच थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेले तेव्हा त्यांच्या जागी कोणाला बसवलं माहितेय? याच सेट पीस कोचला, कीथ अँड्र्यूजला! कुठलं काम मोलाचं मानतात हे यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं?

आता तुम्ही म्हणाल, छोट्या क्लबांकडे पैसाच नसतो, म्हणून हे असले उपद्व्याप. ठीक आहे, मग पॅरिस सॉं-जर्मेंकडे बघू. पैशाला तोटा नाही. २०१७ मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले, त्याच वर्षी एम्बापे आला, २०२१ मध्ये मेस्सी. तिघं एकत्र खेळले ते दोन सीझन, आणि दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीगच्या प्री-क्वार्टरमध्येच गाशा गुंडाळला. २०२२ ला रिअलकडून, २०२३ ला बायर्नकडून. बॉल गेला की तिघं चालत असायचे आणि उरलेले सात जण अकरा जणांमागे धावायचे. साधं गणित आहे हो! २०२३ मध्ये मेस्सी-नेमार गेले, २०२४ मध्ये एम्बापेही गेला. आणि ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये लुईस एन्रिकेच्या पोरांनी इंटर मिलानला फायनलमध्ये ५-० असं धुतलं. त्यातले दोन गोल १९ वर्षांच्या देझिरे दुएचे. पण मला लक्षात राहिला तो उस्मान देम्बेले. सेंटर फॉरवर्ड असून समोरच्या गोलकीपरवर नजर रोखून, पळत सुटायच्या तयारीत उभा. त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ऑर मिळाला. म्हणजे तारा झालाच की! फक्त मकेलेलेचं थोडं काम त्यानेही उचललं.

ताऱ्यांशिवायच जिंकता येतं, असा दावा मी करत नाहीये. रिअलने २०१६, २०१७, २०१८ अशा सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या त्या क्रिस्तियानो रोनाल्डोच्या जोरावरच. पण त्या टीममध्ये मागे कासेमिरो होता, रोज तेच मकेलेलेचं काम करत. आणि त्याला तिथे हक्काची जागा देणारा कोच कोण, तर झिदान. मकेलेले आपल्यामागे असताना कसं वाटतं आणि नसताना कसं, हे ज्याने स्वतः मैदानावर अनुभवलंय असा माणूस :)

पुढची मॅच बघाल तेव्हा एक प्रयोग करा. पाच मिनिटं बॉलकडे बघू नका. तुमच्या टीमचा लेफ्ट बॅक पुढे गेला की त्याच्या रिकाम्या जागेत कोण सरकतो, तेवढंच बघा. टीव्हीवाला कॅमेरा सतत बॉलमागे पळतो, त्यामुळे जरा कठीण जाईल. पण तो माणूस एकदा सापडला की त्याच्या शर्टावरचं नाव वाचा आणि या वर्षी त्याचा करार संपतोय का, तेही बघून ठेवा.