खुराड्यांतला दिवा

काष्टीचा शनिवारचा बाजार ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल कीं, बैलाचे दांत, गाईची कास आणि शेळीची पाठ यांवरून किंमत ठरविणारे डोळे तेथें किती अनुभवी असतात. अशा गांवांत राहून आमची पन्नाशी उलटली. पण आमच्याच परसांत काय काय आहे व त्याचें मोल किती, हें आम्हांला एका पहाटेपर्यंत माहीत नव्हतें. तें आगीनें शिकविलें.

आमच्या घरामागें एका गाईपुरता गोठा आहे. त्याला टेकून पत्र्याचें खुराडें होतें. पलीकडे बांध, आणि बांधापलीकडे शेजारच्या तात्यांची कडब्याची गंजी. कोंबड्यांचा संसार सौ.चा; अंड्यांचे पैसेही तिचेच. आमच्या हिशेबाच्या वहींत खुराड्याला पान नव्हतें. ज्या वस्तूपासून आपल्याला पगार मिळत नाहीं, ती वस्तू मालमत्ता आहे असें सुशिक्षित माणसाला सहसा वाटत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं पौषांत सौ.नें साठ पिलें आणलीं. पिलांना पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश उष्णता लागते व पुढें दर आठवड्याला ती तीनेक अंशांनीं उतरवावी लागते, असें आम्हीं एका इंग्रजी पुस्तकांत वाचलें होतें. त्या विद्येच्या जोरावर आम्हीं २५० वॅटचा तांबडा दिवा आणला, वाऱ्याला आडोसा म्हणून गोणपाटाचे पडदे लावले, खालीं साळीचें तूस पसरलें आणि दिवा सुतळीनें आढ्याला टांगला.

संध्याकाळीं तात्या डोकावले. दिवा पाहून म्हणाले, “सर, सुतळीवर भरवसा ठिवू नका. साखळी बांधा.”

“तात्या, उष्णतेचा सगळा हिशेब पुस्तकांत पाहून केला आहे,” असें आम्हीं सांगितलें. ते कांहीं न बोलतां गेले. तीस वर्षें प्राध्यापकी केल्यावर एक संवय अंगीं जडते: विचारलेल्या प्रश्नाचें सोडून आपल्याला येत असलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें. प्रश्न टांगण्याचा होता, उत्तर आम्हीं उष्णतेचें दिलें.

तिसऱ्या रात्रीं सुतळी तुटली. असा दिवा तुसांत पडला म्हणजे विझत नाहीं. तो तापतच राहतो. कोरडें तूस, पिसांची धूळ आणि गोणपाट यांना याहून अधिक आमंत्रण लागत नाहीं. सौ.नें आधीं गाय सोडली. आम्हीं बादली उचलली तेव्हां तिनेंच ओरडून सांगितलें, “अहो, आधीं विजेचा खटका पाडा!” पिलें कांहीं वांचलीं नाहींत. पण खरें दुःख पुढेंच होतें. आगीला बांध कळत नाहीं. वाऱ्यावर एक ठिणगी पलीकडे गेली आणि तात्यांची उन्हाळ्याची बेगमी तासाभरांत राख झाली.

शिकागो शहराची १८७१ सालची मोठी आग ८ ऑक्टोबरच्या रात्रीं अशाच एका परसांतल्या गोठ्यापाशीं सुरू झाली. ओलिअरी नांवाच्या बाईच्या गाईनें कंदील लाथाडला, अशी कथा पसरली. ती आपण रचली, असें एका वार्ताहरानें १८९३ सालीं कबूल केलें. आणि १९९७ सालीं तेथील नगरसभेनें बाईला व गाईला दोषमुक्त केलें. आमच्या गाईवर आळ घेण्याची सोय नव्हती. दिवा कोणीं टांगला याला साक्षीदार होता.

घराचा विमा होता, म्हणून तो कागद आम्हीं प्रथमच वाचला. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ नांवाचा घराचा विमा सुरू झाला आहे. त्यांत राहत्या घराबरोबर कुंपण, पडवी, गोबर गॅसची टाकीदेखील येते; परंतु आवारांतली निराळी खोली राहण्यासाठीं वापरांत असेल तरच. कोंबड्या राहतात, हा युक्तिवाद व्याकरणाला धरून असला तरी चालत नाहीं. धंद्याच्या शेडचा विमा वेगळा, जनावरांचा आणखी वेगळा. गाईच्या कानांत बिल्ला नसेल तर तिची ओळख पटत नाहीं. शिवाय व्यापारी मालमत्तेच्या आगविम्यांत सरासरीचा एक जुना नियम आहे: लाखाच्या वस्तूचा पन्नास हजारांचाच विमा उतरला, तर चाळीस हजारांच्या नुकसानीला वीसच हजार हातीं येतात. हप्ता वांचविण्यासाठीं किंमत कमी सांगणारा स्वतःलाच ठकवितो. शेजाऱ्याच्या गंजीचें तर आमच्या कागदांत नांवही नव्हतें. दोष कंपनीचा नव्हता, न वाचणाऱ्याचा होता.

आम्ही पैसे घेऊन तात्यांकडे गेलों. त्यांनीं पाकिटाकडे पाहिलें नाहीं. म्हणाले, “पैसं गाय खात न्हाई, सर. कडबा आणून द्या.” कडबा विकत घेणें किती कठीण असतें, तें त्या उन्हाळ्यांत आम्हांला कळलें. तीन गांवें फिरून, निम्मा माल ओला निघाल्यानें परत पाठवून, आम्हीं ती गंजी पुन्हां उभी केली. ओला कडबा रचला तर आंतल्या आंत तापून तो स्वतःच पेट घेऊं शकतो, हेंही तात्यांनींच सांगितलें. या वेळीं आम्हीं ऐकलें.

आतां खुराडें गोठ्यापासून दूर आहे. दिवा लहान, चिनीमातीच्या होल्डरांत, जाळीच्या आड आणि तुसापासून हातभर उंच आहे. तो दोन वेगवेगळ्या आंकड्यांना साखळीनें बांधला आहे. एक सुटला तरी दुसरा धरील. वायर नळींतून नेली आहे. दाराशीं वाळूची बादली असते. खुराड्याचा निराळा विमा उतरला आहे, आणि त्याची किंमत सौ.नें सांगितली, आमच्या अंदाजाच्या ती तिप्पट निघाली.

तरी थंडीच्या दिवसांत सांजेला तात्या येतात, साखळी हातानें ओढून पाहतात आणि कांहीं न बोलतां जातात. आम्ही त्यांना अंश सांगत नाहीं.