मुदत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. रेकॉर्ड कसे जपायचे हे बी.एड.ला शिकले होते. काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे मात्र एका जुन्या संगणकाने शिकवले.

२०२२ साली धाकट्या भावाने आमच्या शाळेच्या संगणक-खोलीत न्यूज सर्व्हर बसवून दिला. इंटरनेट सारखे जायचे, म्हणून त्या खोलीपुरतेच चालेल असे काहीतरी मला हवे होते. ही तशी जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७९-८० च्या सुमारास यूजनेट सुरू केले, तिथून ती आली. विषयवार गट असतात, गटात लेख असतात. कुणीही वाचावे, कुणीही उत्तर लिहावे. थोडक्यात, भित्तिपत्रकच. मी दोन गट केले. एक सूचनांचा आणि दुसरा मुलांच्या लिखाणाचा, ‘तहरीर’.

भिंतीवरचे जुने कागद काढावे लागतात, तसे इथले जुने लेखही काढावे लागतात. नाहीतर डिस्क भरते. भावाने बसवलेल्या आयएनएन या प्रोग्राममध्ये त्यासाठी एक लहानशी फाइल असते. एका ओळीत गटाचे नाव आणि दिवसांचे तीन आकडे. लेखकाने स्वतः मुदत दिली नसेल तर मधला आकडा लागू होतो. दिली असेल तर ती पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या आत बसवून मानली जाते. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मर्जीला मान आहे, पण चालवणाऱ्याने घातलेल्या कुंपणाच्या आत. आकड्याऐवजी ‘नेव्हर’ लिहिले की मुदतच राहत नाही. यंत्र रात्रभर चालू असायचे आणि रोज रात्री ही फाइल वाचून सफाई करायचे.

मी वरच्या ओळीत ‘तहरीर’ला ‘नेव्हर’ दिले. खाली ताऱ्याची खूण करून बाकीच्यांना तीन दिवस दिले. महत्त्वाची गोष्ट आधी सांगितली की झाले, असा माझा शिक्षकी हिशेब. पण तारा म्हणजे ‘बाकीचे’ नव्हे, तारा म्हणजे सगळे गट. आणि एका गटाला दोन ओळी लागू पडत असतील तर तिथे शेवटची ओळ चालते.

गुरुवारी आठवीतल्या एका मुलीने आपल्या नानीवर लिहिले होते. नानी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. मंगळवारी ती मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मिस, मेरा मजमून नहीं दिख रहा.”

मी गट उघडला. रिकामा. तिने थेट संगणकावर लिहिले होते, वहीत काहीच नव्हते. भावाला फोन केला. तो म्हणाला, “आपा, लेख गेला. पण त्याची नोंद अजून आहे.” सर्व्हर काढलेल्या लेखाचा ओळख क्रमांक काही दिवस लक्षात ठेवतो. तोच लेख दुसरीकडून पुन्हा आला तर तो घेऊ नये म्हणून. आमच्या फाइलीत ही मुदत अकरा दिवसांची होती. म्हणजे लेख आला होता हे यंत्राला ठाऊक होते, त्यात काय होते ते नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या ऑफिसात जनरल रजिस्टर कायमचे जपले जाते. कागदपत्रांसाठी धावपळ करणारे लोक येतात, तेव्हा आजोबांची जन्मतारीख त्यातच सापडते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मी पाहिला आहे. पण त्या आजोबांनी शाळेत काय लिहिले, ते कुठेही नाही. वह्या दरवर्षी रद्दीत जातात. मीही कितीतरी घातल्या आहेत. यंत्राने माझ्याहून वेगळे असे काय केले होते?

यूजनेटवरही बहुतेक ठिकाणी लेख काही दिवसांत पुसले जायचे, कारण डिस्क महाग होती. तरी १९८१ ते १९९१ या काळातले लाखो लेख आज वाचता येतात. टोरांटो विद्यापीठात काम करणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी ते १४१ चुंबकीय टेपांवर उतरवून ठेवले होते. २००१ साली गूगलने ते सर्वांसाठी खुले केले. त्याच गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणे बंद केले. फाइलीत लिहिलेले ‘नेव्हर’ही शेवटी कुणीतरी सांभाळले तरच खरे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली. वर्गात मुलांसमोर चूक कबूल करायची मला सवय नव्हती. तिने मजमून पुन्हा लिहिला. पहिल्या वेळी त्यात नानीच्या बोटांना धाग्याने पडलेल्या चिरा होत्या. दुसऱ्या वेळी त्या नव्हत्या. मी विचारले तर म्हणाली, “वो तो लिख चुकी थी ना.”

ओळींचा क्रम मी त्याच दिवशी बदलला. ताऱ्याची ओळ वर, ‘तहरीर’ची खाली. आता मुले आधी वहीत लिहितात, मग संगणकावर. आणि वर्ष संपले की वह्यांचा गठ्ठा मी एकदा वाचते, मगच रद्दीवाल्याला हाक मारते.