आवाजाचा दुभाषा

ज्याला दृष्टी नाही, त्याचे पुस्तक कानांत असते. म्हणून दृष्टिहीन मुलांसाठी मी धडे वाचतो आणि ते संगणकावर ध्वनिमुद्रित करतो. ठाण्याची वागळे इस्टेट ही कारखान्यांची जुनी वसाहत. येथील यंत्रांची घरघर खिडकी लावून अडविता येते. परंतु संगणकाच्या पेटीतील विजेची खरखर कशी अडवावी?

संगणकाला केवळ आकडे कळतात. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा दुभाषा म्हणजे साउंड कार्ड. सीडीच्या प्रतीचे मुद्रण करताना तो सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतो. निकोप कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मोजण्या त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. त्या फार कमी पडल्या, तर प्रथम 'स' आणि 'श' पुसट होतात. मग 'साल' कोणते नि 'शाल' कोणती, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे?

म्हणून मी पेटीबाहेर राहणारे, यूएसबीने जोडावयाचे कार्ड निवडले. आवाजाची पातळी बेताची ठेवली. ती अति वाढविल्यास ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात व आवाज फाटतो.

मुलांनो, दुभाषा प्रामाणिक हवाच; पण बोलणाऱ्याचे उच्चारच अशुद्ध असतील, तर त्या बिचाऱ्याने काय करावे?