रुसलेला मानकरी

प्रोग्रेसिव्ह चष्मा दुकानातून निघतो तो मोठ्या दिमाखात, आणि चार दिवसांत परत येतो तो डबीत बसून. मालकाच्या नाकावर जुनाच चष्मा असतो. स्वारी रुसली आहे हे चष्मेवाल्याने तेवढ्यावरूनच ओळखावं. ‘‘जुना बरा होता हो! ह्यात जमीन वर येते, जिना उतरताना पाय कुठे टाकावा कळत नाही. आणि पैसे केवढे घेतलेत!’’ मालकाची तक्रार खरीच असते. पण रुसव्याला दुसरी बाजूही असते.

डबीतल्या ह्या गृहस्थाचं मूळ फ्रान्समधलं. बर्नार मेतनाझ ह्या इंजिनिअरने घडवलेली व्हॅरिलक्स काच १९५९ साली बाजारात आली. बायफोकलच्या पोटावरची रेघ तिने पुसून टाकली. वरच्या भागातून लांबचं, मधून कॉम्प्युटरचं, खालून वर्तमानपत्र. चाळिशी लागल्याचं चारचौघांत कळत नाही. मात्र रेघ पुसण्याची किंमत काचेच्या दोन्ही बाजूंना मोजावी लागते. तिथून पाहिलं की सगळं धूसर आणि डुलतं दिसतं. हा दोष घडणीतच आहे. महागडी काच घेतली तर तो कमी होतो, जात नाही.

स्वच्छ दिसायला मधोमध एक अरुंद पट्टा काय तो उरतो. म्हणूनच लग्नातल्या मानकऱ्यासारखी ह्याला आपली जागा अगदी नेमकी लागते. काचेवरची खूण डोळ्याच्या बाहुलीसमोरच यायला हवी. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की फुगून बसलाच. काच उजेडात तिरकी धरा, त्याची जन्मखूणही दिसेल: ३४ मिलिमीटर अंतरावर कोरलेल्या दोन पुसट खुणा आणि त्यांतल्या कानाकडच्या खुणेखाली वाचायच्या वाढीव नंबराचा बारीक आकडा. जाणता चष्मेवाला ह्याच खुणांवरून पेनने पुन्हा ठिपके देतो आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवून समोर बसतो.

समजूत काढायचीही रीत आहे. आधी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं: त्रास लांबचं बघताना की वाचताना? एका डोळ्याला की दोन्ही? मग काचेचा नंबर लेन्सोमीटरवर तपासायचा आणि जुन्या चष्म्याशी ताडून पाहायचा. मग हातात मजकूर देऊन मान निरखायची. वाचताना हनुवटी वर जात असेल तर काच खाली बसली आहे. नाकावरचे पॅड जरा जवळ आणले की ती वर चढते. लांबचं बघायला मान खाली घालावी लागत असेल तर पॅड फाकवायचे. काचेचा खालचा काठ गालाकडे किंचित झुकलेला आहे ना, तेही बघायचं. पुष्कळ रुसवे एका पकडीवर, पाच मिनिटांत मिटतात. इतकं करूनही जमलं नाही, तर डोळे पुन्हा तपासायचे.

थोडं नमतं मालकानेही घ्यावं. बाजूला बघताना नुसते डोळे फिरवू नयेत, मान वळवावी. जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्यावी, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसते. जुना-नवा असा आलटून पालटून चष्मा घालू नये. डोळ्यांना रुळायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात.

पण ‘सवय होईल’ हे वाक्य सगळं मोजून झाल्यावरच बोलायचं. सिलिंडर नंबरचा कोन (अ‍ॅक्सिस) चुकला असेल किंवा खूण बाहुलीवरून सरकली असेल, तर ती चूक सवयीने सुधारत नाही. तेव्हा नवा चष्मा कपाटात टाकून कुढत बसू नका. काच बदलून मिळण्याची मुदत किती ते बिलावर पाहा, जुना चष्मा सोबत घ्या आणि नेमकं काय करताना खटकतं ते दुकानात स्पष्ट सांगा. मापं पुन्हा घ्यायला लावणं हा तुमचा हक्क आहे.