भांडी का वाजतात

आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आवाज कसा येतो हे मी आधी विचारत नाही. कधी येतो, ते विचारतो. ‘कसा’ म्हटलं की लोक खर्रखर्र, गुंगुं, टकटक असं तोंडानं वाजवून दाखवतात आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं निघतं. पण रात्री येतो, मधूनमधून येतो, लाइट गेली की येत नाही, एवढं कळलं तरी निम्मं काम दुकानातच होतं.

आमच्या लोहारा-उमरगा भागात भांडी वाजल्याची तक्रार हसण्यावारी नेता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्यात आमच्याकडचं सास्तूरही पडलं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीकडे लहान धक्के बसून गेले होते, हेही लोक विसरलेले नाहीत. त्यामुळे मांडणीवरची ताटं वाजली की फ्रीज बिघडला असेल, हे जुन्या माणसाच्या मनात सगळ्यात शेवटी येतं.

अशाच एका आजींनी बोलावलं. “लेकरा, रातच्याला भांडी वाजायलीत. सून म्हणती, मला भास व्हायलाय.” त्यांचं अंथरूण अंगणात गेलं होतं.

फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलेला. त्याच भिंतीवर पत्र्याची मांडणी ठोकलेली. फ्रीज चालू होता, मांडणी गप्प. अशा वेळी हत्यार बाहेर काढायचं नसतं, बसून राहायचं असतं. चहा आला, प्यायलो. फ्रीज कटऑफ झाला, कंप्रेसरनं थांबताना एक हिसका दिला आणि ताटं झणझणली. दिवसा मिक्सर, टीव्ही, पोरांचा कालवा यात ते कुणाला ऐकू येणार? मागं हात घालून पाहिलं तर कंप्रेसरखालचे रबरी बुश दबून दगडासारखे झालेले आणि एक पाइप थेट भिंतीला टेकलेला.

जुन्या माळवदाच्या घरांत असा आवाज जिरून जायचा. दगड-मातीच्या त्या दोन-दोन फुटी भिंतींना फ्रीजच्या हिसक्यानं काय होणार? पण भूकंपात माणसं मेली ती त्याच भिंतींखाली. आताच्या बारीक भिंती इकडचा हिसका तिकडच्या खिळ्यापर्यंत नेतात. मला विचाराल तर हा सौदा चांगला आहे.

बुश बदलले, फ्रीज चार बोटं पुढं ओढला, आवाज गेला. आजींना पटलं नाही. आवाज आज गेला म्हणजे उद्या येणार नाही कशावरून? माझ्या धंद्यात आवाज बंद करून विश्वास बसत नाही, तो आपल्या हातानं पुन्हा काढून दाखवावा लागतो. जुने बुश परत घातले, फ्रीज भिंतीला टेकवला. बंद झालेला कंप्रेसर लगेच चालू करू नये, आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडं सारखा व्हायला चार-पाच मिनिटं द्यावी लागतात. तेवढं थांबून चालू केला, थर्मोस्टॅटचं बटण शून्यावर फिरवलं. झण्ण! मग नवे बुश, फ्रीज पुढं, तेवढंच थांबणं आणि पुन्हा तेच बटण. काही नाही. त्यानंतर आजींनी बटण स्वतः फिरवून बघितलं. सुनेला हाक मारून तिलाही दाखवलं. भास नव्हता, हे तिला कळणं त्यांना बहुधा दुरुस्तीपेक्षा मोठं वाटलं असावं.

फ्रीजमधून गुडगुड ऐकू येते तो बहुतेक वेळा बारीक नळीतून वाहणारा गॅस, त्याला घाबरू नका. ‘टक’ होऊन गुणगुणतो आणि पुन्हा ‘टक’ होऊन थांबतो, असं चाललं असेल तर व्होल्टेज पडलंय किंवा रिले गेलाय. तेव्हा मात्र प्लग काढून ठेवा, नाहीतर कंप्रेसर जळायचा. भांडी एकाच भिंतीवरची वाजत असतील तर मशीन शोधा. सगळ्या खोल्यांतली एकदम वाजली, टांगलेला बल्ब हलला, तर शोधत बसू नका, जमिनीवर बसून डोकं मजबूत टेबलाखाली घाला. घर दगड-मातीचं असेल आणि दार हाताशी असेल तर मोकळ्यावर या. मेकॅनिकला सकाळी बोलावलं तरी चालतं.